वरच्या मजल्यावर अंडरफ्लोअर हीटिंग: पाइपावर काय घालायचं, पाइपाखाली काय

अंडरफ्लोअर हीटिंग म्हणजे जमिनीतल्या पाइपांतून गरम पाणी फिरवून खोली तापवणं. ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या आपल्या मंडळींचा त्याबद्दल एक प्रश्न ठरलेला असतो: ‘खाली किचनला अंडरफ्लोअर हीटिंग केलंय, मस्त चाललंय, आता वरही करून टाकू का?’ ‘करून टाकू’ हे दोन शब्द ऐकले की मी आधी विचारते, जॉइस्ट (जमिनीच्या फळ्या पेलणाऱ्या आडव्या लाकडी कड्या) किती इंचांचे आहेत? मग पलीकडे शांतता. मी पेशाने क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाच्या साहित्याचा आणि खर्चाचा हिशोब करणारी, त्यामुळे मिलिमीटर आणि किलो मोजायची खोड जात नाही. पण वरच्या मजल्याचं काम मोजमापावरच तरतं. रेडिंगमधल्या आमच्या १९३०च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड घरात बेडरूमना हे केलं, तेव्हा पाइप, पंप आणि थर्मोस्टॅट ठरवायला एक संध्याकाळ लागली. पाइपाच्या वर-खाली कोणते बोर्ड घालायचे यावर मात्र घरात कित्येक दिवस खल चालला होता.

खालच्या आणि वरच्या मजल्यात मुळात फरक आहे. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर इन्सुलेशन, त्यावर पाइप आणि त्यावर ६५ मिमी स्क्रीड, म्हणजे वाळू-सिमेंटचा थर. स्क्रीडचं वजन चौरस मीटरला साधारण १३० किलो भरतं, पण जमिनीला त्याचं काही वाटत नाही. वर सगळं लाकडावर. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यातली कडीपाटाची माडी आठवा, तसंच: ओळीने आडव्या कड्या, त्यांवर फळ्या. घरगुती मजल्याला माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला १५० किलो धरून हिशोब करतात. तिथे १३० किलोचा कायमचा थर घालायची कल्पना कुणी मांडली, तर त्याला चहा पाजा आणि दाराशी सोडून या.

आता उष्णतेचा हिशोब. पुस्तकं यासाठी अवघड एकक वापरतात, पण ब्रिटनमध्ये आपल्याला एक सोपं एकक रोज भेटतं: टॉग. दुलईवर १०.५ टॉग, १३.५ टॉग असं लिहिलेलं असतं, तेच. कार्पेट आणि त्याखालचं अंडरले यांनाही टॉग असतो. एक टॉग म्हणजे, चौरस मीटरमधून दर १० वॅट उष्णता आरपार जाताना तापमान एका अंशाने घसरतं. बेडरूमला गारठ्याच्या दिवशी चौरस मीटरला ५० वॅट लागत असतील, तर पाइपावरचा प्रत्येक टॉग तुमचे ५ अंश खातो. ते ५ अंश पाण्यात आधीच भरावे लागतात.

टॉग काढायची माझी युक्ती अशी. चिपबोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला), प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाचे चपटे तुकडे चिकटवून केलेला बोर्ड) असेल तर जाडीला (मिमीमध्ये) १३ने भागा. २२ मिमी चिपबोर्ड १.७ टॉग, १८ मिमी प्लाय १.४, ६ मिमी प्लाय अर्धा टॉग. जिप्सम-फायबर बोर्डला ३२ने भागा: १० मिमीला ०.३. सिमेंट-पार्टिकल बोर्डला साधारण २३ने, म्हणजे २२ मिमीला जवळपास १. पोर्सेलीन टाइलला १३०ने भागलं की उत्तर इतकं छोटं येतं की सोडून द्यावं. १४ मिमी इंजिनीअर्ड ओक (लाकडाच्या थरांवर ओकचा थर चिकटवलेली फळी) सुमारे ०.९. मऊ कार्पेट आणि जाड अंडरले मिळून २ ते २.५ सहज होतं, आणि युरोपीय मानक म्हणतं की पाइपावरचं आच्छादन शक्यतो १.५च्या आत ठेवा.

याचा अर्थ काय, तो आमच्याच खोलीवर बघा. खोली २० अंशांना ठेवायची आणि ५० वॅट हवेत, तर जमिनीचा पृष्ठभाग साधारण २५ अंश असला पाहिजे. ओकच्या खाली ते होतात साडेएकोणतीस. खाली २२ मिमी चिपबोर्ड आणि त्याच्याही खाली पाइप असेल, तर चिपबोर्डच्या तळाशी ३८ अंश. पाइपातून उष्णता पसरवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात, पत्र्यातून बोर्डात जाताना आणखी चार-पाच अंश जातात. म्हणजे पाणी ४५च्या आसपास सोडावं लागणार. तोच पाइप चिपबोर्डच्या वर आणून त्यावर नुसतं ६ मिमी प्लाय घातलं, तर ३८ अंशांत भागतं. ओकच्या जागी २.५ टॉगचं कार्पेट आणि पाइप चिपबोर्डखाली, असं केलंत तर पन्नाशी पार. गॅस बॉयलर ते निभावून नेईल. हीट पंपाला (बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणाऱ्या यंत्राला) मात्र पाणी एक अंश जास्त तापवायचं म्हणजे वीज साधारण २ ते ३ टक्के जास्त लागते. इंग्लंडमध्ये २०२२पासून नवी किंवा पूर्ण बदललेली पाण्याची हीटिंग व्यवस्था ५५ अंश किंवा त्याखालच्या पाण्यावर चालेल अशीच आखावी लागते, म्हणजे वरची मर्यादाही फार दूर नाही.

म्हणून माझं मत पहिल्यापासून एकच: भार पेलणारं लाकूड पाइपाच्या खाली, आणि पाइपावर शक्य तितकं कमी. हे जमेल का, ते मात्र तुमचे जॉइस्ट आणि तुमचा जिना ठरवतात.

जिन्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वरची जमीन उचलली की जिन्याची शेवटची पायरी तेवढीच उंच होते. इंग्लंडच्या नियमांत घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त २२० मिमी, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. आमची पायरी १९५ मिमी. फळ्यांवर २० मिमीचा पाइप-बोर्ड आणि वर १४ मिमी ओक म्हणजे २२९. आधीच्या कार्पेटची जाडी वजा केली तरी पायऱ्या सारख्या राहत नाहीत, आणि रात्री अंधारात खाली उतरणाऱ्याच्या पायाला हा फरक बरोबर जाणवतो. लँडिंग सोडून फक्त खोल्या उचलल्या तर प्रत्येक दारात उंबरठा तयार होतो. सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात आणि त्यांचा गुडघा दुखरा, त्यामुळे तो पर्याय तिथेच बाद झाला.

मग जॉइस्ट. आमचे सात बाय दोन इंची, म्हणजे १७५ मिमी खोल, आणि अंतर कागदोपत्री सोळा इंच. प्रत्यक्षात एका ठिकाणी ३५५, दुसरीकडे ४०५, आणि चिमणीपाशी तर सुताराने मनाला येईल तसं केलेलं. ॲल्युमिनियमचे पत्रे बाजारात ३९० मिमी रुंद मिळतात. ४०० मिमी अंतराच्या जॉइस्टवर ते अलगद बसतात, आणि आमच्यासारख्या घरात प्रत्येक पत्रा कातरावा लागतो. फळ्या उचलल्यावर सगळ्यात आधी टेप लावून प्रत्येक गाळा मोजा आणि भिंतीवरच पेन्सिलने लिहून ठेवा.

पाइप जॉइस्टवरून पलीकडे न्यायचा असेल तर खाच पाडावी लागते, आणि ती कुठेही पाडता येत नाही. साध्या लाकडी जॉइस्टला वरून खाच जॉइस्टच्या खोलीच्या एक अष्टमांशापेक्षा खोल नको, आणि ती टेकूपासून, दोन टेकूंमधल्या लांबीच्या ७ ते २५ टक्के अंतरातच हवी. आमच्याकडे ही लांबी ३.६ मीटर, म्हणजे भिंतीपासून २५० ते ९०० मिमी या पट्ट्यात, आणि खोली २२ मिमीच्या आत. १६ मिमीचा पाइप त्यात बसतो, पण जेमतेम. भोक पाडायचं तर ते मधोमध, २५ ते ४० टक्क्यांच्या पट्ट्यात. प्लंबरला वळण घ्यायला सोपं म्हणून तो भिंतीला लागून खाच पाडायला बघतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर उभं राहा. खाचेवर लोखंडी पट्टी ठोकून घ्या, नाहीतर वर बोर्ड बसवताना स्क्रू थेट पाइपात जातो.

नव्या घरांत बहुधा साधे जॉइस्ट नसतात. माझ्या दिराचं घर मिल्टन कीन्सला आहे. तिथे ‘आय’ अक्षराच्या आकाराचे जॉइस्ट आहेत. त्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीला करवत लावायची नाही, एक मिलिमीटरही नाही. त्याला मी सरळ सांगितलं: तुझ्याकडे चिपबोर्डच्या वर जे काय करायचं ते कर, खाली हात घालू नकोस. खरं तर त्याला हेही सांगितलं की चांगलं इन्सुलेशन असलेल्या नव्या घरात बेडरूममध्ये जाड कार्पेट ठेवायचं असेल, तर थोडे मोठे रेडिएटर लाव आणि उरलेल्या पैशात भारतवारी कर. त्याने ऐकलं नाही, पण सल्ला अजूनही तोच.

आता साहित्याचे पर्याय.

फळ्या चांगल्या असतील आणि उंची वाढवायला वाव असेल, तर फळ्यांवर जिप्सम-फायबरचे खाचा पाडलेले बोर्ड, जाडी १५ ते २० मिमी, त्यात बहुधा १२ मिमीचा पाइप. जॉइस्टला हात लागत नाही, काम कोरडं, आणि बोर्ड स्वतःच उष्णता पसरवतो. वजन मात्र धरा: २० मिमीला चौरस मीटरला २३ किलोच्या आसपास, वर १० मिमी पोर्सेलीन घातली तर आणखी तेवढेच. दोन्ही मिळून ४५ किलो झाले की स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, विशेषतः जॉइस्ट सहा इंची असतील तर. आणि खालच्या फळ्या आधी स्क्रूने घट्ट करून घ्या. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर सपाटी नीट करा. करकरणारी फळी बोर्डाखाली गेली म्हणून गप्प बसत नाही.

आम्ही निवडला तो दुसरा पर्याय: जुन्या फळ्या काढून त्यांच्या जागी खाचा पाडलेले, भार पेलणारे २२ मिमीचे चिपबोर्ड. जुन्या फळ्या सात-अष्टमांश इंची होत्या, म्हणजे २२ मिमीच. त्यामुळे पातळी जिथल्या तिथे राहिली. वर ६ मिमी प्लाय आणि १४ मिमी ओक, एकूण २०. आधीचं कार्पेट आणि अंडरलेही जवळपास तेवढंच होतं, म्हणून एकही दार खालून कापावं लागलं नाही. पाइप बोर्डाच्या वरच्या अंगात बसतो, त्यामुळे टॉगही कमी.

या बोर्डांबाबत विक्रेत्याला एक गोष्ट खोदून विचारा. खाच पाडली की बोर्ड कमजोर होतो. तो नुसता ‘फळ्यांवर घालायचा’ आहे की ‘थेट जॉइस्टवर चालेल’ अशी चाचणी झालेला, आणि किती अंतराच्या जॉइस्टवर, हे लेखी घ्या. साध्या, खाच नसलेल्या चिपबोर्डचा संकेत असा की १८ मिमी ४५० मिमी अंतरापर्यंत आणि २२ मिमी ६०० पर्यंत चालतो. खाचवाल्याला हा आकडा आपोआप लागू होत नाही. भिंतीलगतच्या मोकळ्या कडांखाली लाकडाचे आडवे तुकडे टाकावेच लागतात. आमच्या सुताराने ते आधी टाकून, प्रत्येकावर उभं राहून, टाचेने दणका देऊन बघितले. खालच्या खोलीत प्लास्टरची भुकटी पडली, पण त्याचा मुद्दा पटला.

जॉइस्टच्या मध्ये पत्रे आणि वर साधा चिपबोर्ड, हा तिसरा प्रकार. जाहिरातीत हाच सगळ्यात जास्त दिसतो, कारण उंची अजिबात वाढत नाही. उष्णतेच्या बाबतीत हाच सगळ्यात नाजूक, कारण १.७ टॉग डोक्यावर आहेच, आणि पत्रा बोर्डाला चिकटून राहिला नाही तर मध्ये हवा शिरते. फक्त ५ मिमीची हवेची फट एक टॉगहून जास्त अडवते. खालून इन्सुलेशनने पत्रा वर दाबून धरलेला असलाच पाहिजे. खालचं छत कुठल्याही कारणाने उतरवणार असाल, तर जुन्या फळ्या न हलवता खालून हे करता येतं, आणि तेव्हाच मी याला हो म्हणेन. पण छत उतरवण्याआधी एक पाहा: जुन्या छतावर नक्षीदार, टोकदार प्लास्टर असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९मध्ये. नमुना तपासून घेतल्याशिवाय खरवडू नका.

चौथा प्रकार म्हणजे जॉइस्टच्या मध्ये कोरडं वाळू-सिमेंट भरणं. उष्णता छान धरतं, खालच्या टीव्हीचा आवाजही कमी येतो. पण २५ मिमीच्या थरालाच चौरस मीटरला ४५ किलोच्या वर वजन. जुन्या घरात मी त्याच्या वाटेला जात नाही.

पाइपाखाली काय, हा प्रश्न लोक विसरतात. उष्णतेला वरच जायचं असतं असं काही नाही, जिथे अडथळा कमी तिकडे ती जाते. खाली काहीच नसेल तर जवळपास निम्मी उष्णता दिवाणखान्याच्या छतातून खाली उतरते. वाया जात नाही, पण मग वरच्या थर्मोस्टॅटला काही अर्थ राहत नाही. जॉइस्टच्या मध्ये १०० मिमी मिनरल वूल (खनिज तंतूंची लोकर) घातलं की ते २३ ते २५ टॉग होतं आणि प्रश्न मिटतो. आवाजासाठीही तेच उपयोगी: इंग्लंडच्या ध्वनी-नियमांतल्या एका नमुना मजल्यात १०० मिमी वूल आणि वर चौरस मीटरला किमान १५ किलोचा बोर्ड आहे. २२ मिमी चिपबोर्ड तिथवर पोचतो, १८ मिमी नाही. खालच्या छतात गोल दिवे बसवलेले असतील तर त्यांच्यावर वूल दाबू नका, योग्य टोप्या घाला. खोलीखाली गॅरेज असेल तर गणित वेगळं, तिथे इन्सुलेशन भरपूरच लागेल.

बाथरूमचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मोह जास्त आणि जागा कमी. आमची बाथरूम साडेचार चौरस मीटर. टब आणि कमोड सोडून मोकळी जमीन अडीच. बाथरूममध्ये जमिनीचं तापमान ३३ अंशांपर्यंत चालतं, इतर खोल्यांत २९. तरीही अडीच मीटरमधून खोली तापवण्याइतकी उष्णता निघत नाही, टॉवेल रेल लागतोच. साहित्याचं म्हणाल, तर ओलाव्यासाठीचा पी-५ चिपबोर्ड हिरवट दिसतो म्हणून तो पाण्याला दाद देत नाही असं नाही. कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. त्यावर थेट टाइल लावू देऊ नका. मध्ये सिमेंटचा बॅकर बोर्ड किंवा ताण वेगळा करणारी मॅट, आणि चिकटवायला एस-१ किंवा एस-२ दर्जाचं लवचीक ॲडहेसिव्ह. लाकूड हलतं, टाइल हलत नाही, आणि त्या भांडणात टाइलच्या फटींतलं ग्राउट पहिलं जातं.

पाइप कुठे टाकायचे नाहीत, हेही बोर्ड मागवण्याआधी ठरवा, कारण तिथे खाच नसलेले बोर्ड लागतील. भिंतीतली कपाटं, खाली ड्रॉवर असलेला पलंग, यांच्याखाली पाइप नको. आमची बारा चौरस मीटरची खोली, पण तापणारी जमीन नऊच. देव्हारा खाली ठेवत असाल तर तोही वगळा, फुलं दुपारपर्यंत मान टाकतात. आणि सोलापूरची जाड सतरंजी अंथरणार असाल तर तिचाही टॉग मोजा, ती फुकट नाही.

बसवताना दोन गोष्टी अडून बसून करून घ्या. पाइपात ६ बारचा दाब भरून ठेवायचा आणि वरचे बोर्ड, प्लाय, सगळं होईपर्यंत तो उतरवायचा नाही. स्लाऊच्या एका मैत्रिणीकडे दाराची पट्टी बसवताना सुताराचा स्क्रू पाइपात गेला, तेव्हा गेजचा काटा डोळ्यांदेखत पडला. चारच बोर्ड उचलून काम भागलं. दाब नसता तर पहिला डाग दिवाणखान्याच्या छतावर दिसला असता. दुसरी गोष्ट, बोर्ड झाकण्याआधी प्रत्येक खोलीचे टेप पसरून फोटो. बोर्डांचे सांधे गोंदाने जोडा, आणि स्क्रूची लांबी बोर्डाच्या अडीच पट: २२ मिमीला ५५.

ओक आणल्या आणल्या बसवू नका. खोलीत, हीटिंग मंद ठेवून, कंपनी सांगेल तितके दिवस पडू द्या. पहिल्यांदा चालू करताना पाणी २० ते २५ अंशांवर ठेवून मग रोज ५ अंशांनी वाढवा. कोरड्या बोर्डांना थांबायची गरज नसते, पण कुठे सिमेंटचा थर टाकला असेल तर २१ दिवसांच्या आत तापवू नका. लाकडी पृष्ठभागाची मर्यादा बहुतेक कंपन्या २७ अंशच देतात, तेव्हा थर्मोस्टॅटला जमिनीतला सेन्सर असलेला घ्या आणि त्याची वायर प्लाय घालण्याआधी नळीत ओवून ठेवा. सेन्सर बिघडला की ओढून नवा टाकता येतो. नळी नसेल तर ओक उचलावं लागतं.